नकाशा, नाक आणि कान

गेल्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील मुलांचे सुटीचे शिबिर भरले होते. एका सकाळी मी प्रत्येक मुलाला एक कोरा कागद दिला आणि घरापासून चर्चपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढण्यास सांगितले. अट एवढीच, की रस्त्याचे, दुकानाचे किंवा इमारतीचे नाव लिहावयाचे नाही. वाटेत जे ऐकू येते, ज्याचा वास येतो आणि जे पायांना जाणवते, तेवढेच दाखवावयाचे. मुलांना मौज वाटली. त्यांच्यासमवेत मीही माझ्या रोजच्या फेरीचा नकाशा काढावयास बसलो.

माझ्या कागदावर पहाटेची घंटा उमटली, मोगऱ्याचा दरवळ उमटला, रहाटाची करकर उमटली, केळीच्या वाडीतील ओलाव्याचा गारवा उमटला. कागद भरून झाला तेव्हा माझ्या ध्यानात आले, की रहाटाची करकर मी गेल्या तीस वर्षांत ऐकलेलीच नाही. रोजच्या फेरीचा म्हणून जो नकाशा मी काढला, तो माझ्या आजोळच्या वाडीचा होता.

सातवीतील एका मुलीचा कागद मात्र निराळा होता. तिचे आईवडील कामधंद्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातून येथे आले आणि स्टेशनाजवळच्या एका चाळीत भाड्याने राहतात. तिच्या नकाशात पहाटेच्या टँकरचा भोंगा होता, रिकाम्या पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज होता, लोकलची उद्घोषणा होती, अजान होती, तबेल्याचा वास होता, उघडे गटार होते, आणि अगदी शेवटी चर्चच्या फाटकापाशी फुलवालीची टोपली होती. वाटेतील एका ठिकाणी तिने निळ्या पेन्सिलीने गोल काढून लिहिले होते, ‘येथे पावसात पाऊल दिसत नाही.’ संध्याकाळी तो कागद मी धर्मग्रामातील एका वृद्ध बागायतदारांना दाखविला. त्यांनी त्या निळ्या गोलावर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘‘फादर, इथं आमचं बावखल होतं.’’

तीन वर्षांपूर्वी वसईत आलेली मुलगी आणि सात पिढ्या येथे नांदलेला बागायतदार, या दोघांनी कागदावरील एकाच बिंदूवर बोट ठेवले. एकीने ते पायांनी ओळखले, दुसऱ्याने स्मरणाने. शहर समजून घेण्याच्या निरनिराळ्या रीतींविषयी मी काही वर्षे वाचीत होतो. परंतु त्या वाचनाचे मोल मला त्या दिवशी कळले. त्या वाचनाची, आणि त्याच्या प्रकाशात आपण वसईविषयी जे लिहीत आलो त्याची, चिकित्सा करण्याचा हा प्रयत्न आहे.

रंगांचा नकाशा

प्रथम शासकीय नकाशाचा विचार करू. १९९० साली शासनाने वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक केली. पुढे विकास आराखडा तयार झाला. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन आपण पालघर जिल्ह्याचे रहिवासी झालो. सरकारदरबारी वसईचे वर्णन असे तारखांनी, आकड्यांनी आणि रंगांनी केलेले असते. निवासी क्षेत्राला एक रंग, उद्योगाला दुसरा, हरित पट्ट्याला तिसरा.

अशा नकाशाला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्याची गरज नाकारता येत नाही. रुग्णालय कोठे व्हावे, जलवाहिनी कोठून जावी, शाळेसाठी कोणता भूखंड राखावा, हे मोगऱ्याच्या वासावरून ठरविता येत नाही. आराखडा नसता तर वसईची दुर्दशा आजच्याहून अधिक झाली असती, हे मान्य केले पाहिजे.

तरीही या नकाशात एक मूलभूत उणीव आहे. तो काळ आणि ऋतू जाणत नाही. कागदावरील भूखंड वैशाखात आणि आषाढात सारखाच कोरडा असतो. वसईची भूमी तशी नाही. पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणा, असे पाण्याने आणि उतारांनी वेढलेले हे गाव आहे. डोंगरावरून आलेले पाणी मिठागरांत, खाजणांत आणि बावखलांत थबकत, मुरत समुद्राकडे जात असे. मधोमध लोहमार्गाचा भराव आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली लोकल धावली; म्हणजे त्या भरावाला दीड शतक उलटले. भरावाच्या दोन्ही अंगांस वस्ती वाढत गेली, तशी पाण्याला पुढे सरकावयाची जागा उरली नाही. हे सारे वसईकरांच्या पायांना ठाऊक आहे. रंगांच्या नकाशाला ते ठाऊक करून द्यावे लागते.

इंद्रियांचा नकाशा

पाहणाऱ्याने शहर आधी पायांखाली घालावे आणि मग आराखड्याला हात घालावा, हा आग्रह आपल्या देशात प्रथम धरला तो पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानांनी. मूळचे ते जीवशास्त्रज्ञ. १९१४ साली ते भारतात आले, अनेक नगरे त्यांनी पायी हिंडून पाहिली, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन त्यांच्यापासून सुरू झाले. वैद्य जसा औषधापूर्वी रोग्याची नाडी पाहतो, तशी नगररचनाकाराने नगराची प्रकृती पाहावी, असे त्यांचे म्हणणे होते. मलेरियाच्या भीतीने गावोगावची तळी बुजविण्याची त्या काळी टूम निघाली होती. गेडिस यांनी तिला विरोध केला. तळे नासले असेल तर ते स्वच्छ करावे, त्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडावेत; बुजवू मात्र नये, असा त्यांचा सल्ला असे. शंभर वर्षांपूर्वीचा हा सल्ला वसईकरांनी वाचला असता, तर आज हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

१९६० साली केव्हिन लिंच यांचे नगराच्या प्रतिमेविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस येथील रहिवाशांना त्यांनी आपले शहर आठवून कागदावर काढावयास सांगितले. वाटा, कडा, विभाग, नाके आणि खुणेच्या जागा या पाच गोष्टींच्या आधारे माणूस आपले शहर मनात बाळगतो, असे त्यांनी दाखवून दिले. माझ्या शिबिरातील खेळाचे मूळ येथेच आहे. परंतु लिंच यांचा माणूस बहुतांशी डोळ्यांनीच शहर जाणतो. त्याला कान आहेत, नाक आहे, याची दखल पुरेशी घेतलेली नाही.

ती उणीव कॅनडाचे संगीतकार मरे शेफर यांनी भरून काढली. व्हँकूव्हर शहराच्या ध्वनींचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. प्रत्येक गावाला जशा पाहण्याच्या खुणा असतात तशा ऐकण्याच्याही खुणा असतात आणि त्या जतन केल्या पाहिजेत, असा विचार त्यांनी मांडला. धर्मग्राम म्हणजे जेथवर चर्चची घंटा ऐकू जाते तेवढा प्रदेश, असेही त्यांनी एके ठिकाणी म्हटले आहे. फ्रेंच इतिहासकार आलां कोर्बां यांनी १९९४ साली फ्रान्समधील खेड्यांच्या घंटांवर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. राज्यक्रांतीच्या काळात घंटा उतरवून वितळविल्या गेल्या, तेव्हा गावकऱ्यांना आपले गावच मुके झाल्यासारखे वाटले, हे त्यात वाचावयास मिळते.

हे वाचताना वसईकराला आपला इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि येथील घंटा दूरदूर गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर, वाईजवळचे मेणवली, या ठिकाणच्या घंटांचे नाते परंपरेने वसईच्या मोहिमेशी जोडले जाते. वसईचा ध्वनींचा नकाशा काढावयाचा तर त्याचा एक कोपरा सह्याद्रीच्या पलीकडे जातो! ज्या घंटेने येथे मिस्सेची वेळ सांगितली, तिने तेथे आरतीची वेळ सांगितली. घंटा पराक्रमाची खूण म्हणून गेली, की हानीची खूण म्हणून, याचे उत्तर ऐकणारा कोठे उभा आहे यावर अवलंबून राहते. इंद्रियांच्या नकाशाविषयीची पहिली सावधगिरी येथेच शिकावयास मिळते.

अलीकडे ब्रिटनमधील केट मॅक्लीन या बाईंनी वासांचे नकाशे काढले आहेत. एडिंबरो, अ‍ॅम्स्टरडॅम अशा शहरांतून नागरिकांच्या सोबतीने पायी हिंडून, कोठे कोणता वास येतो हे त्या टिपून घेतात आणि रंगीत वलयांनी कागदावर दाखवितात. हे नकाशे देखणे आहेत. पण माझी एक शंका आहे. वास वाऱ्याबरोबर येतो आणि जातो, तो वलयात मावत नाही, हे त्यांनाही मान्य असणार. माझा मुद्दा त्याहून वेगळा आहे. पाहुण्याने हुंगलेले शहर आणि त्या वासात रात्रंदिवस राहणाऱ्याचे शहर, ही दोन वेगळी असतात. पाहुण्याला कुतूहल असते. रहिवाशाला पर्याय नसतो. जो नकाशा हा भेद दाखवीत नाही तो प्रदर्शनात शोभून दिसतो, पण रहिवाशाच्या कामी येत नाही.

एका परक्याने लिहिलेली मुंबई

मराठीपुरते बोलावयाचे तर अशा वर्णनाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. एखाद्या आधुनिक शहराचे इतके सविस्तर वर्णन मराठीत त्यापूर्वी झाले नव्हते. मुंबईचे बाजार, तळी आणि विहिरी, गाड्याघोडे, सणउत्सव, नाना देशांचे आणि नाना जातींचे लोक, त्यांचे पेहराव आणि त्यांच्या बोली, हे सारे त्यात आहे. इंग्रजी राज्याविषयीचा त्यांचा भक्तिभाव आज आपल्याला पटणार नाही, आणि पुष्कळदा त्यांचे वर्णन यादीसारखे लांबते. पण त्या यादीतच या ग्रंथाचे बळ आहे. यादी करणारा माणूस आवडते तेवढेच निवडीत नाही. जे समोर आहे ते तो नोंदवितो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. माडगावकर मूळचे मुंबईचे नव्हते. त्यांचा जन्म गोव्यातील आणि मुंबईत ते येऊन स्थायिक झालेले. मुंबईचे पहिले मोठे मराठी वर्णन एका बाहेरून आलेल्या माणसाने केले. जो बाहेरून येतो त्याचे कान जागे असतात. जन्मापासून तेथे असलेल्याला जे ऐकूच येत नाही ते त्याला ऐकू येते. आमच्या सातवीतल्या मुलीचा कागद पाहताना मला माडगावकरांची आठवण झाली ती यामुळे.

आपले वसई-लेखन

आता आपल्या घराकडे वळू. गेल्या चाळीस वर्षांत वसईविषयी आपण पुष्कळ लिहिले. आठवणी, ललित लेख, कविता, स्मरणिकांतील टिपणे, यांतून एक वसई उभी राहिली आहे. पानमळे, राजेळी केळी, सुकेळीचा गोडवा, जुईचे कळे, रहाट, नाताळच्या रात्रीचा गारवा, लग्नातील वाजंत्री आणि तळणीचा खमंग वास. हे लेखन इंद्रियांना धरून आहे, हे त्याचे मोठेपण. फादर स्टीफन्स यांनी मराठी भाषेची थोरवी सांगताना फुलांतील मोगरीची आणि परिमळांतील कस्तुरीची उपमा वापरली. तेव्हापासून आपल्या ख्रिस्ती मराठी लेखनाला सुगंधाची ओढ आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या लेखनाने एक काळ गाजविला, हेही विसरता येत नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, विहिरींना खारेपणा येऊ लागला, बागायती जमिनींवर इमारतींचे सावट पडले. तेव्हा दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, त्यामागे हीच इंद्रियांनी जाणलेली वसई होती. विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले, हे आधी जिभेला कळले आणि मग अहवालात आले.

परंतु प्रेमाने लिहिलेल्या साहित्याचीही चिकित्सा झाली पाहिजे. आपल्या या लेखनातील क्रियापदांकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आपण लिहितो, ‘बावखले बुजली’, ‘वाड्या गेल्या’, ‘विहिरी आटल्या’, ‘इमारती उभ्या राहिल्या’. मराठीत ‘बुजणे’ आहे तसेच ‘बुजविणे’ आहे. बावखल आपोआप बुजत नाही. कोणीतरी ते बुजविते. त्या वाक्यातला कर्ता आपण गाळून टाकला आहे. तो गाळला, कारण पुष्कळ ठिकाणी तो कर्ता आपल्यापैकीच आहे. मुलीच्या शिक्षणासाठी, भावांतील वाटणीसाठी, आजारपणासाठी, कधी नुसत्या मोहासाठी, जमीन विकणारे हात आपलेच होते. मी हे कोणाकडे बोट दाखविण्यासाठी लिहीत नाही. ज्या निळ्या गोलावर पावसात पाऊल दिसत नाही, त्याच्याच शेजारी उभ्या राहिलेल्या इमारतीतील कितीतरी घरे मीच आशीर्वादित केली आहेत. तेव्हा पायांखाली काय बुजविले आहे, हे मी विचारले नव्हते.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. आपल्या वसईत माणसे ‘आली’, एवढेच आपण लिहितो. ती कोण, कशी राहतात, त्यांना काय ऐकू येते, हे लिहीत नाही. नालासोपाऱ्याची चाळ, पहाटेची विरार लोकल पकडणारी घरकामवाली, वालीव-सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांतील रसायनांचा उग्र वास, गोखिवऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडचा धूर, यांना आपल्या नकाशात जागा नाही. दिलीच तर ती तक्रार म्हणून. सुगंध आपला आणि दुर्गंध त्यांचा, अशी ही वाटणी आहे.

वास आणि वस्ती

येथे इंद्रियांच्या नकाशाची मर्यादा स्पष्ट होते. नाक निष्पक्ष नसते. आपल्या देशात कोणाच्या अंगाला, कोणाच्या स्वयंपाकाला, कोणाच्या वस्तीला वास येतो असे म्हणून माणसांना दूर ठेवण्याची रीत फार जुनी आहे. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३७ साली लिहिलेल्या एका पुस्तकात कबुली दिली, की कष्टकऱ्यांच्या अंगाला वास येतो, असे त्यांच्या वर्गातील मुलांना लहानपणीच शिकविले जाई, आणि ही शिकवण मनातून काढणे फार कठीण जाते. आपण फार दूर जाऊ नये. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात तेव्हा नाकाला रुमाल लावणारा वाडीतला माणूस आपल्यातलाच असतो. त्याच माणसाला मुंबईतील एखाद्या सोसायटीत मांसमच्छी शिजविण्यावरून घर नाकारले जाते, तेव्हा मात्र तो अन्यायाची भाषा बोलतो.

मराठीला वासाच्या शब्दांची वाण नाही. खमंग, कुबट, आंबूस, उग्र, खवट, करपट, मातकट, असे कितीतरी शब्द आहेत. त्यांतील प्रत्येक शब्द वासाचे वर्णन करतो तसाच हुंगणाऱ्याचा निवाडाही सांगतो. शिवाय ‘वास’ या शब्दाचा दुसरा अर्थ वस्ती, राहणे, असाही आहे. जेथे माणसाचा वास आहे तेथल्या वासाचा निवाडा तेथे न राहणाऱ्याने परस्पर देऊ नये, एवढे तारतम्य भाषेकडूनच शिकता येईल.

म्हणून माझे मत असे, की इंद्रियांचा नकाशा एकट्याने काढला तर ती आठवण होते, किंवा पूर्वग्रह होतो. तो अनेकांनी मिळून काढला, एकाचा कागद दुसऱ्याच्या कागदावर ठेवून पाहिला, तरच ते ज्ञान होते. आमच्या शिबिरातील माझा कागद खोटा नव्हता. पण मुलीच्या कागदावाचून तो अपुरा होता, आणि बागायतदारांच्या बोटावाचून मुलीच्या निळ्या गोलाचे कारण कळले नसते. तीन कागद एकत्र आले तेव्हा एक गोष्ट सिद्ध झाली: पाणी आपली जागा विसरलेले नाही.

जुलै २०१८ चा धडा

हे केवळ साहित्यविचारापुरते राहिले असते तर मी इतके लिहिले नसते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारला पुराने वेढले. लोकल थांबल्या, घराघरांत पाणी शिरले, वीज गेली, आणि मिठागरात अडकलेल्या माणसांच्या सुटकेसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला यावे लागले. पुढे महानगरपालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमली. तज्ज्ञांचे काम तज्ज्ञांनीच करावे. नाल्यांची रुंदी, भरावांची उंची, भरतीओहोटीची वेळ, हे मोजण्याची साधने त्यांच्याजवळ आहेत.

पण एक काम तज्ज्ञांना एकट्याने करता येणार नाही. पश्चिम पट्ट्यातील बावखल ही फार लहान गोष्ट आहे. विहीर नव्हे, तलावही नव्हे. वाडीच्या कुशीत पूर्वजांनी राखलेला गोड्या पाण्याचा साठा. पावसाळ्यात भरावा, जमिनीत मुरावा, शेजारच्या विहिरीला पाणी द्यावे आणि उन्हाळ्यात वाडी शिंपावी, एवढे त्याचे काम. गिरीज, भुईगाव, नंदाखाल, निर्मळ या परिसरांत ही बावखले कोठे होती, हे ज्यांना नेमके सांगता येईल ती पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे. आज ती कोठे पुरलेली आहेत, हे ज्यांना पावसाळ्यात पायांनी कळते ते बहुधा नव्याने आलेले भाडेकरू आहेत, कारण तळमजल्याच्या खोल्या त्यांच्याच वाट्याला येतात. या दोघांची गाठ पडत नाही. एक जण दुसऱ्याला वसई बिघडविणारा समजतो आणि दुसरा पहिल्याला जमीन विकून आता रडणारा समजतो. वस्तुतः एकाच पाण्याविषयी दोघे बोलत असतात.

काय करता येईल?

मला मोठ्या योजना सुचवावयाच्या नाहीत. प्रत्येक धर्मग्रामात एक मोठा कागद भिंतीवर लावावा. त्यावर वृद्धांनी आठवतील तेवढी बावखले, विहिरी, ओहोळ आणि खाजणांच्या उघाड्या दाखवाव्यात. त्याच कागदावर नवीन वस्तीतील कुटुंबांनी २०१८ च्या पाण्याची रेषा आपल्या भिंतीवर कोठवर होती, टँकर केव्हा येतो, गटार कोठे तुंबते, धूर कोणत्या महिन्यात येतो, हे दाखवावे. घंटा कोठवर ऐकू येते तेही नोंदवावे, आणि जेथे ती आता वाहनांच्या गोंगाटात बुडते ती जागाही. हा कागद फक्त आपल्या लोकांचा असू नये. आगरी, कोळी, भंडारी, मुस्लिम, आदिवासी आणि बाहेरगावाहून आलेले शेजारी यांनाही बोलवावे; पाणी जात विचारून घरात शिरत नाही. प्रत्येक नोंदीपुढे सांगणाऱ्याचे वय आणि तो तेथे किती वर्षे राहतो एवढे लिहावे, म्हणजे आठवण कोणती आणि आजचा अनुभव कोणता हे निराळे राहील. असा कागद हाती असला, तर नव्या आराखड्यावर हरकती आणि सूचना मागविल्या जातात तेव्हा आपल्याला नुसता शोक मांडावा लागणार नाही.

साहित्यिकांकडेही एक मागणे आहे. वसईवर लिहिताना आपले रहाट आणि मोगरे जरूर लिहावेत. ते खरे होते. पण वाक्यातला कर्ता गाळू नये, आणि वाटेवरचा वास गाळू नये. टँकरच्या भोंग्याने ज्यांची पहाट होते त्यांची वसई मराठीत अजून यावयाची आहे. कदाचित ती त्यांच्यापैकीच कोणी लिहील. माडगावकरांनी मुंबईसाठी जे केले, ते वसईसाठी करणारा लेखक आज एखाद्या चाळीत सातवीच्या वर्गात शिकत असेल.

त्या मुलीचा कागद मी जपून ठेवला आहे. पावसाळा सुरू झाल्यावर एका रविवारी मिस्सेनंतर ती आणि ते वृद्ध बागायतदार यांना घेऊन मी त्या निळ्या गोलापाशी गेलो. घोट्यापर्यंत गढूळ पाणी होते. बागायतदार काठीने दाखवू लागले, येथे पायऱ्या होत्या, येथे गुरे पाणी पीत, येथे आम्ही पोहायला शिकलो. मुलीने विचारले, ‘‘आजोबा, मग ते पाणी कुठे गेलं?’’ ते पायाखाली पाहत म्हणाले, ‘‘कुठं जाणार, बाय? इथंच आहे.’’